पन्नास फुटांची वाट

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती बहुतेक वेळा बँकर लावण्यासाठी. पुढे भोर घाट आहे आणि तिथला सर्वांत खडा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. एवढ्याशा चढासाठी गाडीला मागून जादा इंजिनांचा, म्हणजे बँकरचा, रेटा लागतो. आम्ही दहिवलीची माणसं उल्हास नदीचा पूल ओलांडून स्टेशनात येतो, डब्याला मागून हलका हिसका बसला की इंजिन जोडलं हे ओळखतो. माझं काम जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं. घाटावरच्या एका छावणीच्या गावातल्या चर्चला नवं प्रवेशद्वार करण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हा सदतीसास एकचा आकडा डोक्यात होताच. पुढचे कितीतरी निर्णय त्याच्यावरून झाले.

चर्चचं नाव इथे देत नाही. मंडळी छोटी आहे, माणसं लगेच ओळखू येतील. इमारत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली: काळ्या पाषाणाच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, टोकदार कमानींच्या उंच खिडक्या, पश्चिमेला मुख्य दार आणि दारापुढे पाच पायऱ्या. घाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, त्याच काळातली ही बांधणी. तो रेल्वेमार्ग बांधण्याचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल याने घेतला होता. १८५९ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने तो ठेका पुरा करून घेतला. बांधकामाच्या साइटवर बाईमाणूस म्हणून वावरताना मला तिची आठवण पुष्कळदा येते. पण तिच्याहून जास्त आठवण येते ती घाटातले पूल आणि बोगदे ज्यांनी उभारले त्या हजारो मजुरांची. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले कितीतरी तिथेच गेले, आणि त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. घाटातल्या मोऱ्यांचे दगड आणि या चर्चच्या भिंतीतले दगड शेजारी ठेवले तर घडणावळ एकाच वळणाची दिसते.

पाळकसाहेबांनी बोलावलं ते रॅम्पसाठी. मंडळीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलेलं, आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गनही त्याच वाजवत. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या चाकाच्या खुर्चीत आहेत. सुरुवातीला चार मुलं त्यांना खुर्चीसकट उचलून पाच पायऱ्या चढवत. पुढे त्यांनी येणंच सोडलं. पाळकसाहेब प्रभुभोजन घरी नेऊन द्यायचे. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्या सरळच बोलल्या: “मला उचलून नेलेलं आवडत नाही, आणि स्टोअरच्या दारातून आत घेतलेलंही आवडणार नाही. दार करायचं असेल तर सगळे येतील असं करा.”

स्टोअरचं दार म्हणजे मागच्या बाजूचं, पाळकांच्या खोलीतून आत जाणारं. कार्यकारी समितीत बऱ्याच जणांच्या मनात तेच होतं. तिथे जमिनीपासून उंची कमी, खर्च कमी, आणि समोरून काहीच दिसणार नाही. हा तिसरा मुद्दा त्यांना फायद्याचा वाटत होता. मला तो मान्य नव्हता. मागच्या दारातून आलेला माणूस वेदीच्या बाजूला, सगळ्यांच्या नजरेसमोर उगवतो. उपासना चालू असेल तर त्याला उशिरा येण्याची सोय नाही, मध्येच उठून जाण्याची तर नाहीच. कचरा, खुर्च्या, सतरंज्या ज्या वाटेने जातात त्या वाटेने माणसाला न्यायचं आणि त्याला सोय म्हणायचं, हे काम मी केलं नसतं.

कायद्याचा आधारही होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या करताना धार्मिक वापराच्या इमारती स्पष्ट धरल्या आहेत, मग त्या खासगी मालकीच्या का असेनात. समितीपुढे मी तो भाग वाचून दाखवला. पण माझा अनुभव असा की कायद्याने माणसं गप्प होतात, पटत नाहीत. पटलं ते चढाच्या हिशेबाने.

आपल्याकडच्या नियमावल्यांत रॅम्पचा चढ बारास एकपेक्षा खडा नसावा असं असतं. पाच पायऱ्या प्रत्येकी सहा इंचांच्या, म्हणजे अडीच फूट उंची. बारास एकने तीस फुटांचा रॅम्प पुरतो, आणि जो तो ‘नियमात बसतं’ म्हणून तिथेच थांबतो. मी समितीला विचारलं, ज्या घाटात गाडीला मागून इंजिन लावावं लागतं त्याचा चढ किती? कुणी दहास एक म्हणालं, कुणी पंधरास एक. सदतीसास एक सांगितल्यावर खोलीत थोडी चुळबुळ झाली. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे गाडीची अडचण वेगळी, हे मला ठाऊक आहे आणि मी तेही सांगितलं. तरी रेटा मोजायची रीत दोन्हीकडे सारखीच. माणूस आणि खुर्ची मिळून शंभर किलो धरा. बारास एकच्या चढावर ती खुर्ची नुसती थोपवून धरायलाही आठ किलोंहून जास्त जोर सतत लावावा लागतो. वीसास एकवर तो पाच किलोंवर येतो. सत्तरीतल्या बाईंचे हात, किंवा त्यांना ढकलणारी त्यांची तेवढ्याच वयाची बहीण, यांच्यासाठी त्या तीन किलोंचं मोल मोठं आहे. वीसास एकने अडीच फूट चढायला पन्नास फूट लागतात. मी पन्नास फूट मागितले.

एवढी लांबी मागितली की जागेचा प्रश्न आपोआप नीट सुटू लागतो. पश्चिमेच्या मुख्य दारासमोर पन्नास फूट बसवायचे तर रॅम्पला दोन वळणं द्यावी लागली असती, आणि दर्शनी भिंतीपुढे कठड्यांचा पिंजरा उभा राहिला असता. शिवाय घाटावरचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. पश्चिमेचं दार आणि दक्षिणेची भिंत जून ते सप्टेंबर पाण्याखालीच असतात. उत्तरेची बाजू वाऱ्याच्या आडोशाला, आणि फाटकातून आत आल्यावर गाड्या थांबतात त्या तिथेच. तिथे अडचण एकच, ऊन कमी आणि शेवाळ जास्त. शेवाळावर इलाज आहे. पावसाच्या माऱ्यावर इलाज म्हणजे मोठालं छप्पर, आणि मोठं छप्पर म्हटलं की जुन्या भिंतीला भोकं आली.

उत्तरेच्या भिंतीला पाच खिडक्या आहेत. नव्या दारासाठी नवं भगदाड पाडायचं नाही, यातल्याच एका खिडकीचं दार करायचं, हे मी पहिल्या पाहणीतच ठरवलं होतं. कमानीवरचा भार कमान दोन्ही बाजूंच्या खांबांवर टाकते. खिडकीखालची भिंत फक्त स्वतःचं वजन वाहते. ती काढली तर वरच्या कमानीला त्याची खबरही लागत नाही. भगदाड नव्याने पाडलं असतं तर वरचं सगळं टेकूंवर तोलून धरावं लागलं असतं, आणि एवढं करून भिंतीच्या लयीत नसलेलं सहावं तोंड तयार झालं असतं. पाचांतली कोणती, हे ठरवायला मात्र आत जावं लागलं. अशा चर्चमध्ये खिडक्यांच्या खाली आणि मधल्या भिंतीवर संगमरवरी स्मृतिशिला असतात. कुणी तापाने गेलेला तरुण अधिकारी, कुणी बाळंतपणात गेलेली बाई, कुणी लहान मूल. या शिला हलवायच्या नाहीत, यावर मी आणि पाळकसाहेब एकमताचे होतो. पश्चिमेकडून दुसऱ्या खिडकीखाली एकही शिला नव्हती. शिवाय तिथून आत येणारा माणूस मागच्या बाकांच्या ओळीत येतो, जिथे मुख्य दारातून येणारे सगळे येतात. खिडकीची रुंदी साडेतीन फूट. एकपाखी दार लावलं तर तीन फुटांहून थोडी जास्त मोकळी वाट मिळते आणि चाकाच्या खुर्चीला तेवढी पुरते. दोन पाखं मी मुद्दाम टाळली. जुन्या दारांना दोन पाखं शोभतात हे खरं, पण रोज एकच उघडलं जातं आणि दीड फुटातून खुर्ची जात नाही.

दिसायला दार कसं असावं, यावर सर्वांत जास्त बोलणं झालं. समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांना नव्या दारापुढे मुख्य दारासारखाच कमानदार मंडप हवा होता, काँक्रीटमध्ये ओतून वर दगडाच्या रेघा मारलेला. एका तरुण सभासदाला काच आणि स्टील हवं होतं. दोघांचंही चर्चवर मनापासून प्रेम, म्हणून दोघांशीही सविस्तर बोलले. ज्येष्ठांचं म्हणणं असं की मूळ इमारतीला उपरं काही चिकटवू नये. मी त्यांना मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलबद्दल सांगितलं. ज्या चर्चमुळे चर्चगेट हे नाव पडलं ते हे. १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी उघडलं. १८३७ मध्ये त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला, आणि पश्चिमेचा घड्याळाचा मनोरा बांधला गेला तो त्यानंतरच्या वर्षी. वेदीकडचा भाग वाढवून झाला १८६५ च्या सुमारास. आज आपण जो मनोरा पाहून ‘हे जुनं चर्च’ म्हणतो, तो मूळ वास्तूपेक्षा एकशेवीस वर्षांनी लहान आहे. त्या त्या काळच्या माणसांनी आपल्या गरजेनुसार भर घातली, ती आपल्या काळाची म्हणून घातली, आणि चांगल्या हातांनी घातली म्हणून टिकली. याच इमारतीच्या जतनकामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. आम्ही जतनाच्या कामातली माणसं १९६४ च्या व्हेनिस सनदेचा हवाला देतो, त्यातही हेच आहे: नवी भर जुन्याशी जुळावी, पण जुनी असल्याचं भासवू नये.

काचेबद्दल माझा आक्षेप वेगळा. काच साफ ठेवायला माणूस लागतो, आणि या चर्चला एकच चौकीदार आहे. घाटावरच्या पावसात पहिल्याच वर्षी तिच्यावर हिरवट थर चढला असता. मला दार असं हवं होतं की ज्याची निगा त्या गावातला सुतार आणि गवंडी ठेवू शकेल. शेवटी ठरलं ते साधं: सागवानी दार, कमानीतली जुनी रंगीत काच जागच्या जागी, आणि वर मंगलोरी कौलांचं आखूड छप्पर, मुख्य छपराच्याच उताराचं. त्याचे सागाचे घोडे दगडात न ठोकता दगडांमधल्या सांध्यांत बसवले. उद्या कुणाला ते छप्पर नको झालं तर काढून सांधे चुन्याने भरता येतील.

परवानग्यांचं फार सांगत नाही. नकाशे, फोटो, जुन्या-नव्याचं टिपण, पुन्हा नकाशे. वेळ गेला, पण छाननी करणाऱ्यांनी विचारलेले दोन-तीन प्रश्न खरोखर चांगले होते आणि त्यांमुळे पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा सुधारला.

भिंत उघडायचं काम कर्जतकडच्या एका पाथरवटाने केलं. त्यांचे वडील जाती-पाटे घडवत. हे स्वतः आता बहुतेक वेळ बंगल्यांच्या कुंपणाला दगड लावतात. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर हात फिरवला, टाकीच्या दांड्याने ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, “ताई, वरून थराथराने उतरवू. खालून पोखरलं तर पोटातला माल सांडेल.” पोटातला माल म्हणजे भिंतीचा गाभा. अशी जाड भिंत बाहेरून आणि आतून घडीव दगडांची असते, मध्ये चुन्यात बसवलेले गोटे आणि कपच्या. काप घेतला की दोन्ही बाजूंना गाभा उघडा पडतो आणि चुना जुना असेल तर खळखळा वाहतो. त्यांनी एकेक थर उतरवला, दर थराला उघड्या गाभ्यात पातळ चुना पाजला आणि तो आवळल्यावरच पुढचा दगड हलवला. ब्रेकर मशीन आम्ही आवारात येऊच दिलं नाही. त्याच्या थरथरीने वरच्या काचा निखळल्या असत्या.

निघालेला प्रत्येक घडीव दगड खडूने क्रमांक घालून नकाशावर चढवला. त्यांतले लांब दगड भिंतीच्या आरपार बसतील असे दाराच्या दोन्ही बाजूंना पुन्हा वापरले, म्हणजे उघडा गाभा कायमचा बंद झाला. कमी पडले तिथे नवे घडवले. जुन्या दगडांना कडेने बारीक टाकीची गोट काढलेली आहे. नव्यांना ती काढली नाही. लांबून भिंत एकसारखी दिसते, जवळ गेलं की नवा दगड कळतो. पाथरवट दादांना हे आधी रुचलं नव्हतं, कारण हुबेहूब गोट काढण्याचं कसब त्यांच्या हातात होतं आणि ते दाखवायची त्यांना हौस होती. मग त्यांना दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या एका दगडावर काम पूर्ण झाल्याचं साल कोरायला दिलं. त्या अंकांची घडण पाहण्यासारखी आहे.

सांधे भरायला चुनाच वापरला. कळीचा चुना आधीपासून पाण्यात विरवून ठेवलेला, त्यात वाळू आणि विटांची सुरकी. मागे कधीतरी कुणीतरी उत्तरेच्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले होते. पाषाणाला त्याने फार फरक पडत नाही, पण भिंतीत शिरलेली ओल सांध्यांतून बाहेर पडायची ती अडते आणि आतल्या बाजूने गिलावा फुगवते. दाराच्या आसपासचं तेवढं सिमेंट हलक्या हाताने काढलं. चुन्याला घाई चालत नाही आणि पाऊसही चालत नाही, म्हणून दगडकाम दिवाळीनंतर धरलं आणि मे संपायच्या आत मिटवलं.

आता ती पन्नास फुटांची वाट. ती फाटकाच्या बाजूने निघते, उत्तरेच्या भिंतीला समांतर जाते आणि एका जुन्या आंब्याची मुळं वाचवण्यासाठी मध्ये थोडी बाहेर वळते. दोन्ही बाजूंना मातीचा उतार लावल्यामुळे रॅम्प असा वेगळा दिसत नाही, आवाराची जमीनच हळूहळू चढत दारापाशी येते. भिंतीला मात्र ही माती कुठेही टेकू दिलेली नाही. मधल्या फटीत खडी भरली आणि तळाशी निचऱ्याची नाली काढली, कारण माती टेकली की जोत्यात ओल चढते. दारासमोर पाच फूट लांब, पाच फूट रुंद सपाट जागा, म्हणजे खुर्ची थांबवून वळवता येते आणि दार उघडताना मागे घसरत नाही. तिथून आत जायला एकच लांब फरशी, फटीवरून जोत्यापर्यंत नुसती टेकवलेली. उंबरा ठेवला नाही. त्याऐवजी बाहेर पाण्याची आडवी जाळी आहे. फरशांवर आडव्या टाक्या मारून घेतल्या, शेवाळावरचा इलाज तो. त्या खोलही नकोत, नाहीतर खुर्चीची पुढची छोटी चाकं अडखळतात. इतक्या सौम्य चढाला कित्येक नियमावल्या साधी पायवाट धरतात, कठड्याची सक्ती करत नाहीत. तरी एका बाजूला हात धरायला लोखंडी नळी दिली. खुर्ची न वापरणाऱ्या पण गुडघे गेलेल्या माणसांची संख्या खुर्ची वापरणाऱ्यांच्या कितीतरी पट असते.

आत एक काम राहिलं होतं, आणि दाराइतकंच ते महत्त्वाचं होतं. खुर्चीवरचा माणूस आत येऊन बसणार कुठे? बहुतेक ठिकाणी त्याला मागे भिंतीशी किंवा मधल्या वाटेत उभं करतात. आम्ही पुढून चौथ्या ओळीतलं एक बाक तीन फुटांनी आखूड केलं. कापलेल्या तुकड्याचं कोरीव टोक सुताराने पुन्हा जोडून घेतलं, त्यामुळे बाक अपुरं दिसत नाही. तिथे खुर्ची लावली की माणूस आपल्या घरच्यांच्या शेजारी, सगळ्यांच्या ओळीत बसतो. बाई आता तिथे बसतात. ऑर्गनपर्यंत त्यांना जाता येत नाही, कारण तो दोन पायऱ्या वर आहे. तेवढ्यासाठी तो खाली आणावा का, यावर समितीची चर्चा चालू आहे. माझं मत त्यांना सांगितलं आहे: आणावा.

पहिल्या पावसाळ्यात मी मुद्दाम जाऊन निचरा पाहिला. नाली वाहत होती, जाळीत आंब्याची पानं अडकली होती ती चौकीदाराने माझ्यासमोरच काढली. पाऊस पश्चिमेच्या दारावर आपटत असल्यामुळे सगळेच, अगदी मंडप मागणारे ज्येष्ठ सभासदही, उत्तरेच्या दाराने आत येत होते.

सध्या आमच्या भागातल्या एका देवळाच्या विश्वस्तांनी बोलावलं आहे. चर्चचं काम त्यांच्यातल्या कुणीतरी पाहिलं असावं. तिथे सात पायऱ्या आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना घरं अगदी लागून, आणि पन्नास फूट सोडा, वीस फूटही मोकळे नाहीत. सभामंडपाच्या एका अंगाला लाकडी जाळीचं दार आहे. उत्सवात पालखी त्याच दारातून बाहेर पडते, एरवी त्याला कुलूप. त्या बाजूची गल्ली मुळातच उंच आहे, तिथून चौथरा जेमतेम फूटभर चढतो. वीसास एकने वीस फूट, आणि गल्लीची लांबी त्याहून जास्त. पालखीची वाट आहे म्हणजे मानाचीच वाट. विश्वस्तांना मोजमापं दिली आहेत. कुलूप वर्षभर उघडं ठेवायला ते तयार होतात का, ते पुढच्या बैठकीत कळेल.